गाणी संपल्यावर

यंदा फेब्रुवारीत आमच्या इमारतीला आग्या मोहोळ लागलं. बाराव्या मजल्याच्या सज्ज्याखाली आधी मूठभर काळसर काहीतरी दिसलं, आठवड्यात ते परातीएवढं झालं आणि होळी येईतो अर्ध्या दाराएवढं. आम्ही खारघरला अकराव्या मजल्यावर राहतो. म्हणजे मोहोळ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरकं वर, चार-पाच हातांवर. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी ते बघत उभी राहायचे.

पेटीत पाळतात त्या मधमाश्या पोकळी शोधून आत राहतात. या तशा नाहीत. यांचं एकच पोळं, तेही उघड्यावर, कड्याला नाहीतर उंच झाडाला टांगलेलं, आणि त्याच्यावर माश्यांचंच पांघरूण. जवळून एखादा पक्षी गेला की त्या पांघरुणावरून लाट सरकते. शेकडो माश्या एकीमागून एक पोट उचलतात, खाली घेतात. अंगावर शहारा यावा तशी ती लाट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते आणि मग सगळं पुन्हा स्थिर. मी पन्नाशीला आले, पण हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

बाबांना खुर्चीवर बसवून खिडकीपाशी नेलं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, नजर अधू झालीय. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "लिंगोबाच्या माश्या आल्यात गं."

आमच्या घरात लिंगोबा म्हटलं की एकच गोष्ट. 'जैत रे जैत'.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांनीही त्याची गाणी ऐकलेली असतात. 1977 सालचा चित्रपट, डॉ. जब्बार पटेलांचा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, निर्मिती उषा मंगेशकरांची. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. गोष्ट ठाकर आदिवासींची. भगताचा मुलगा नाग्या, त्याला पुण्यवंत व्हायचंय. वाडीवर उभ्या असलेल्या लिंगोबाच्या डोंगरावर आग्या मोहोळं आहेत, आणि तिथल्या राणी माशीने त्याचा डोळा घेतलाय. पुण्यवंताला माशी डसलीच कशी, हा काटा त्याच्या मनातून निघत नाही. चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि ढोल वाजवणाऱ्या या माणसाकडे येते. मग त्याचा ध्यास तिचाही होतो. जैत म्हणजे विजय. नाग्याला जैत मिळतं, आणि त्याच माश्यांच्या डंखांनी चिंधी मरते.

आणि तो लिंगोबाचा डोंगर म्हणजे आपला कर्नाळा. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला जो अंगठ्यासारखा सुळका आभाळात घुसलेला दिसतो, तोच. गोनीदा पायी गडकिल्ले हिंडणारे लेखक. त्या सुळक्याच्या कपारींतली पोळी आणि पायथ्याच्या ठाकरवाड्या त्यांनी पाहिल्या आणि त्यातून ही माणसं उभी केली. माझ्या लहानपणाला हा चित्रपट जो चिकटला, तो यामुळे. गोष्टीतला डोंगर आमच्या गच्चीवरून दिसायचा.

बाबा भूकरमापक होते. जमीन मोजणारे. 1974 साली साताऱ्याकडून पनवेल तालुक्यात बदली होऊन आले. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. नवं शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना 1970 सालची, खाडीवरचा पूल नुकताच झालेला, नवी मुंबई बहुतेक नकाशातच होती. पंचाण्णव गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचं ठरलेलं. मोजणीला वेग आला होता. बाबांच्या हाताखाली दोन साखळीवाले. तेहतीस फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. हे मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं. कुठल्या बांधावर कुठला दगड रोवला, हे बाबा अजून सांगतात. आज त्या दगडांवर कुठे मॉल आहे, कुठे रेल्वे स्टेशन.

डोंगराच्या बाजूला मोजणी असली की मुक्काम वाडीवर पडायचा. रात्री ढोल सुरू झाला की झोप यायची नाही, असं बाबा सांगायचे. "ढोल कानांनी ऐकू येत नाही, पोटात वाजतो." नवीन माणसाला त्याची भीती वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याच्याशिवाय झोप येत नाही. म्हणून हा चित्रपट पनवेलच्या टॉकीजला लागला तेव्हा बाबा आईला घेऊन गेले. मी दोन वर्षांची होते, मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. त्यांनी एकत्र पाहिलेले चित्रपट फार नसावेत. याचं नाव मात्र घरात टिकलं, कारण पुढे बाबांनी गाण्यांची कॅसेट आणली.

ती कॅसेट आईची झाली. पाऊस लागला की 'नभं उतरू आलं', करवंदं-जांभळं आली की 'जांभूळ पिकल्या झाडाखाली'. आशाताईंचे हे दोन आवाज माझ्यासाठी ऋतूंचे आवाज होते. जूनमध्ये वाडीवरच्या बायका पनवेलच्या बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन बसायच्या. आई शेवळांसोबत काकडं, ती आंबट रानफळं, मोजून घ्यायची, कारण त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. घरी येऊन ती शेवळं साफ करायला बसली की कॅसेट लागायची. भाजी, पाऊस आणि गाणं यांची माझ्या डोक्यात जी गाठ बसलीय, ती सुटायची नाही.

लताबाईंचं 'मी रात टाकली' मात्र आई वेगळ्या तऱ्हेने ऐकायची. हातातलं काम थांबायचं. साप कात टाकतो तशी एक बाई रात्र अंगावरून उतरवून टाकते, हे त्या ओळीत आहे, हे मला कळायला वीस वर्षं गेली. तेव्हा मला ते नाचाचं गाणं वाटायचं. कोरस उसळून यायचा आणि मी पलंगावर उड्या मारायचे.

दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा. एका शनिवारी 'जैत रे जैत' लागला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. ज्या गाण्यांमध्ये मी हिरवा रंग ऐकला होता, ती करड्या रंगात दिसली, तरी मी हरखून गेले. गाण्यामागून गाणं येतंय, माणसं बोलता बोलता गायला लागतायत, आणि कुणाला त्यात काही नवल वाटत नाही. शेवट जवळ आला. नाग्या पोळी काढायला सुळक्याकडे निघाला आणि आईने उठून टीव्ही बंद केला.

मी रडून गोंधळ घातला. आई म्हणाली, "गाणी संपली. पुढे काही नाही."

पुढे काय आहे ते मी पाहिलं कॉलेज संपल्यावर, मैत्रिणीच्या घरी, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. चिंधी मरते हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं त्या गाण्यांत राहून आपल्याला त्यांची गोष्ट माहीत नव्हती, याने मी हादरले. जांभळीखालचं ते खट्याळ गाणं, ते ढगांचं उतरून येणं, हे सगळं त्या सुळक्याकडे चाललेल्या वाटेवरचे टप्पे होते. आपण टप्प्यांवर रमलो आणि वाट कुठे जाते हे विचारलंच नाही.

त्यानंतर मी हा चित्रपट किती वेळा पाहिला, याची गणती नाही. दर वेळी वाटतं, मराठीत गाण्यांचे चित्रपट खूप झाले, पण गाण्यांनीच बोलणारा असा दुसरा नाही. डझनाहून जास्त गाणी आहेत. त्यातली काही तर दोन-चार ओळींत संपतात. नेहमीच्या चित्रपटात गाणं आलं की गोष्ट थांबते. इथे गोष्ट गाण्याच्या पायांनी चालते. पीक करपतं ते गाण्यात, डोंगराची थोरवी कळते ती गाण्यात, चिंधी आपलं मन सांगते तेही गाण्यात. समूह तर सतत हजर आहे. बघणारा, साथ देणारा, कधी टोचणारा.

याचं मूळ मला 'घाशीराम कोतवाल'मध्ये दिसतं. 1972 साली जब्बार पटेलांनी ते नाटक बसवलं तेव्हा ब्राह्मणांची ती डुलणारी, गाणारी भिंत रंगमंचावर उभी केली होती. मोहन आगाशे त्यात नाना फडणवीस. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे हे गाते नट त्याच मेळ्यातले. 'जैत रे जैत'च्या कोरसात हेच आवाज आहेत. पुण्याच्या नाटकातली ती माणसांची भिंत इथे येऊन डोंगराच्या पायथ्याची वाडी झाली. तिथे ती सत्ता झाकायला उभी होती, इथे ती जगण्याला टेकू देते. एकाच दिग्दर्शकाने एकच युक्ती अशी उलटी करून वापरावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि महानोर! अजिंठ्याच्या डोंगरांजवळच्या पळसखेड्याचा, कोरडवाहू मुलखातला शेतकरी कवी. त्याला कोकणच्या कड्यावरच्या ठाकरांची गाणी लिहायला दिली. पावसाची वाट बघणं ज्याच्या हाडीमाशी खिळलंय, त्याने जिथे पाऊस मुसळधार कोसळतो तिथली गाणी लिहिली, म्हणून त्या ढगांत एवढी ओढ आहे, असं मला आपलं वाटतं. पाऊस रोजचा झालेल्या माणसाला तो असा सुचला नसता. 2023 च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले. त्या दिवशी बाहेर खरोखरच आभाळ खाली आलं होतं. मी कचेरीतून अर्धी सुटी घेतली, घरी आले आणि सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली.

स्मिता पाटीलविषयी लिहायचं तर हात थांबतो. तेव्हा ती बावीस वर्षांची असेल-नसेल. त्याच वर्षी 'भूमिका'. पुढे जब्बार पटेलांबरोबरच तिने 'उंबरठा' केला, घर सोडणाऱ्या शिकलेल्या बाईचा. पण चिंधीने उंबरठा आधीच ओलांडला होता, आणि कसलंही भाषण न करता. तिला तो माणूस नको होता, तिने सोडला. तिला हा माणूस हवा होता, ती आली. त्या वेळच्या आमच्या ओळखीतल्या किती बायका असं करू शकल्या असत्या? त्या चेहऱ्यावर अपराधाची रेघ नाही. चालताना तिचा पाय जमिनीवर असा पडतो की ती जमीन तिची आहे, सातबारा कुणाच्याही नावावर असो. 1986 साली ती गेली, एकतिसाव्या वर्षी. मी तेव्हा शाळेत होते. आईने दोन दिवस कॅसेट लावली नाही.

चिंधीच्या मरणाशी मी पुष्कळ वर्षं भांडले. मनासारखं जगणाऱ्या बाईला गोष्टीत शेवटी मारून टाकायची आपल्याकडची जुनी खोड, तसंच हे, असं वाटायचं. आता तसं वाटत नाही. तिला कुणी शिक्षा करत नाही. ती फरपटत नेली जात नाही. नाग्याच्या झुंजीत ती जोडीदार म्हणून उतरते, कारण अर्धवट काही करणं तिच्या स्वभावातच नाही. नवरा सोडला तो पुरता सोडला, जीव लावला तो पुरता लावला. तरीही एक गोष्ट राहतेच. जैत नाग्याच्या नावावर लागलं आणि किंमत चिंधीने मोजली.

यात आणखी एक गोष्ट मला फार उशिरा वाचनात सापडली. राणी माशी माणसाला डसत नसते. तिची नांगी दुसऱ्या राणीसाठी असते. डसतात त्या कामकरी माश्या, आणि त्या साऱ्या माद्या. त्यांच्या नांगीला उलटे काटे असतात, आपल्या कातडीत ती रुतली की निघत नाही. डसणारी मरते. नांगी रुतली की तिथून एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणजे नाग्याचं ज्या राणीशी वैर होतं, तिने त्याला कधी पाहिलंही नसेल. सुळक्यावरून ज्या उठल्या त्या पोळं राखणाऱ्या बाया होत्या, आणि जिच्यावर तुटून पडल्या तीही एक बाईच.

लेक बारा वर्षांची झाली तेव्हा तिला घेऊन मी कर्नाळा चढले. अभयारण्याच्या दारातच बजावतात, आरडाओरडा करू नका, अत्तर-सेंट लावू नका, सुळक्याजवळ धूर नको. दाट झाडीतून वाट वर जाते. मलबारी कस्तुराची शीळ ऐकली, अगदी माणसाने घातल्यासारखी. गडावर पोचलो तेव्हा घामाने निथळत होतो. सुळक्याच्या पोटात कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आणि कोठारं आहेत, तिथला गारवा अंगाला बिलगतो. मान वर केली, तर कड्याला काळी पोळी लटकत होती. पाच मोजली, मग मोजणं सोडून दिलं. लेक कुजबुजली, "आई, चिंधी इथेच का गं?" मी मान हलवली. बोलावंसं वाटलं नाही. वायव्येला खाडीकडे उलव्याची टेकडी तेव्हा अजून होती. विमानतळासाठी ती पुढे कापून सपाट केली. त्या अंगाची कोल्ही, कोपर, तरघर ही गावंही बाबांच्या साखळीखालून गेलेली. आता तिथून विमानं उडतात. डोंगर हटवायला आज ढोलही लागत नाही, पुण्यवंत माणूसही नाही.

आमच्या मोहोळाचं काय झालं ते सांगते.

सोसायटीची बैठक झाली. एका घरात दोन महिन्यांचं बाळ होतं, एका मुलाला डंखाची अॅलर्जी. त्यांची भीती खोटी नव्हती. मी म्हणाले, या माश्या मुक्कामाला येतात, मोहर-फुलं संपली की पावसाआधी आपण होऊन निघून जातात. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या लावू, रात्रीचा सज्ज्याचा दिवा बंद ठेवू, कारण उजेडाकडे त्या येतात. चौघांनी हात वर केले. बाकीच्यांनी फवारणीच्या बाजूने.

मार्चअखेर एका रात्री माणसं आली, दोरावरून उतरली. वीस मिनिटांचं काम. पहाटे मी खाली गेले तेव्हा पार्किंगच्या फरशीवर माश्यांचा थर होता. काही अजून पंख हलवत होत्या. झाडणाऱ्या मावशी वर डोंगरातल्या फणसवाडीच्या. त्यांनी खराट्याने ढीग केला, सूप आणलं, भरलं. दोन सुपं झाली. तुटून पडलेला पोळ्याचा तुकडा त्यांनी उचलून नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"औषध मारलंय," त्या म्हणाल्या. "पोरांना देता यायचं नाही. आमची माणसं रातच्याला धुरी देतात, मधाचा गड्डा तेवढा कापतात. माशी परत बसते."

सकाळी आठ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: काम फत्ते. खाली अंगठे आणि टाळ्या.

दिवसभर बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी फोनवर गाणी लावली, त्यांना आवडतात म्हणून. 'मी रात टाकली' सुरू झालं तेव्हा त्यांनी हाताने खूण केली, आवाज कमी कर. आई जाऊन सहा वर्षं झाली. हे गाणं लागलं की ते डोळे मिटून घेतात, त्या दिवशी मिटले नाहीत.

"टॉकीजमधून बाहेर पडलो ना आम्ही," ते म्हणाले, "तर तुझी आई एसटी स्टँडपर्यंत गप्पच. मला वाटलं, तुझी आठवण आली असेल. मी विचारलं, आवडला नाही का? तर थांबली रस्त्यातच. म्हणाली, डोंगर त्याला जिंकायचा होता. तिला काय हवं होतं, ते कुणी विचारलं का?"

मी वाट बघत राहिले. गाणं संपून दुसरं लागलं होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? सकाळी मोजणी होती, पहाटे निघायचं होतं." ते थोडं थांबले. "टांगा मिळाला नाही. चालतच आलो घरी."